अँकरने स्वतःचा ट्रस्ट काढावा का? केटी कुरिकच्या उदाहरणावरून

प्रश्न थोडक्यात असा. मराठी वृत्तवाहिनीवर चार-पाच वर्षं अँकरिंग करणाऱ्या एका तरुणीच्या घरातलं माणूस कर्करोगाने गेलं. आता तिला कर्करुग्णांसाठी स्वतःच्या नावाने ट्रस्ट काढायचा आहे. ऑफिसातले ज्येष्ठ म्हणतात, अँकरने या भानगडीत पडू नये. बुलेटिन वाचावं आणि घरी जावं. त्यावर ती अमेरिकेतल्या केटी कुरिकचं नाव पुढे करते. एवढी मोठी अँकर, नवरा गेल्यावर तिने कर्करोगासाठी केवढं काम उभं केलं, मग मी का नाही?

मी सुरुवातीची काही वर्षं अँकर होते आणि नंतरची सगळी पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या नियंत्रण कक्षात गेली, अँकरच्या कानात बोलण्यात. दोन्हीकडची बाजू ठाऊक आहे. माझं उत्तर असं: काम जरूर करा, आत्ताच सुरू करा, ट्रस्ट मात्र काढू नका. आणि केटी कुरिकचा दाखला नीट तपासला तर तोही याच बाजूने पडतो. तिच्या तिन्ही मोठ्या कामांत पैसा सांभाळायला दुसरं कुणीतरी होतं. तिने स्वतःचं जे दिलं ते पडद्यावरचं वजन. हे कसं, ते सविस्तर सांगते, कारण ‘केटी कुरिकने केलं’ एवढ्या तीन शब्दांवर निर्णय घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

आपल्याकडे तिची कथा थेट २००० सालापासून सांगतात. आधीची वीस वर्षं गाळली की सगळं सोपं वाटायला लागतं. १९७९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून पदवी घेऊन ती एबीसी वाहिनीच्या वॉशिंग्टन ब्युरोत डेस्क असिस्टंट म्हणून लागली. आपल्याकडे ट्रेनी म्हणतात तीच जात: फोन घ्या, कागद पोचवा, पडेल ते करा. तिथून नव्याने निघालेल्या सीएनएनमध्ये गेली. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची संधी मिळाली आणि वाहिनीच्या प्रमुखाने फर्मान काढलं, ही मुलगी मला पुन्हा पडद्यावर दिसता कामा नये. आवाज कोवळा, चेहरा त्याहून कोवळा. मग तिने आवाजाची तालीम घेतली, मायामीच्या आणि पुढे वॉशिंग्टनच्या स्थानिक स्टेशनवर रिपोर्टिंग केलं, १९८९ मध्ये एनबीसीत पेंटागॉनची बीट मिळवली आणि एप्रिल १९९१ मध्ये ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमाची सहअँकर झाली.

ऑक्टोबर १९९२ मधला एक प्रसंग मी नव्या अँकरना नेहमी सांगते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश व्हाइट हाउस दाखवत होत्या, कुरिक त्यांच्याबरोबर लाइव्ह होती. हलकाफुलका सेगमेंट, या खोलीत काय, त्या भिंतीवर कुणाचं चित्र. निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. तेवढ्यात खुद्द अध्यक्ष, म्हणजे थोरले जॉर्ज बुश, सहज म्हणून डोकावले. तिने त्यांना हसतमुखाने जाऊ दिलं असतं तर कुणीही नाव ठेवलं नसतं. तिने तिथेच उभ्या उभ्या त्यांची जवळजवळ वीस मिनिटं राजकीय मुलाखत घेतली, हातात प्रश्नांचा कागद नसताना. रनडाऊन, म्हणजे कार्यक्रमाचा ठरलेला क्रम, कोसळला की अँकर कळतो, असं आमच्या पीसीआरमध्ये म्हणायचे, ते अशा वेळी पटतं.

हे एवढं सांगण्याचं कारण, २००० मध्ये तिने लोकांना जे सांगितलं ते लोकांनी का ऐकलं याचं निम्मं उत्तर इथे आहे. तोपर्यंत नऊ वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, लोकांनी दात घासताना आणि मुलांचे डबे भरताना तिला पाहिलं होतं. ती गरोदर असताना पाहिलं होतं, अध्यक्षांना अडवताना पाहिलं होतं. आपल्या चार-पाच वर्षांत आपणही ओळखीचे होतो, मॉलमध्ये लोक सेल्फी मागतात. पण ओळख आणि भरवसा यांत अंतर आहे. तुमच्या सांगण्यावरून माणूस शरीराची अवघड तपासणी करून घ्यायला तयार होईल का, या प्रश्नावर ते अंतर मोजता येतं.

तिचे पती जे मोनाहन वकील होते, एनबीसीवर कायदेविषयक विश्लेषणही करायचे. १९९७ मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचं कळलं तेव्हा तो पसरलेला होता. २४ जानेवारी १९९८ रोजी ते गेले. वय ४२. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटी दोन.

तिची मोहीम पडद्यावर आली ती मार्च २००० मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. मधल्या काळात तिने आपल्या नावाची संस्था नोंदवली नाही. हॉलीवूडमध्ये एंटरटेन्मेंट इंडस्ट्री फाउंडेशन नावाची जुनी धर्मादाय संस्था आहे. ती संस्था आणि लिली टार्टिकॉफ (यांचेही पती कर्करोगाने गेले होते) यांच्या साथीने कुरिकने आतड्याच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी एक आघाडी उभी केली. हिशोब, ऑडिट, कायदेशीर बाजू या गोष्टी आधीपासून करणारी यंत्रणा होती, तिला तिने आपला विषय जोडला.

आणि मग ती प्रसिद्ध कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, जी तिने कॅमेऱ्यासमोर करून घेतली. ‘टुडे’च्या प्रेक्षकांनी तिला आदल्या दिवशीचं आतडं साफ करण्याचं औषध पिताना पाहिलं, मग गुंगीच्या औषधाने डोळे जड झालेल्या अवस्थेत टेबलावर कुशीवर पडलेलं पाहिलं. डॉक्टर केनेथ फोर्ड तपासणी करत होते आणि शेजारच्या मॉनिटरवर तिचं आतडं दिसत होतं. ती त्या गुंगीत विचारते, तुम्ही अजून नळी आत घातली नाहीये ना? नळी केव्हाच आत गेलेली. मग मॉनिटरकडे बघून म्हणते, माझं आतडं किती गोड आहे.

या सेगमेंटकडे मी प्रोड्यूसरच्या नजरेने बघते तेव्हा त्याची बांधणी फार हुशारीची वाटते. लोक कोलोनोस्कोपीला तीन कारणांनी टाळतात: लाज, वेदनेची भीती आणि आदल्या दिवशीचा तो त्रास. सेगमेंटने तिन्हींना एकेका शॉटने उत्तर दिलं. आकडेवारीचा ग्राफिक्स प्लेट लावून ‘दर अमुक मिनिटाला एक मृत्यू’ असं घाबरवलं असतं तर लोकांनी चॅनल बदललं असतं. इथे एक ओळखीची बाई विनोद करत पडली आहे आणि तिला काही होत नाहीये, हे डोळ्यांनी दिसलं. दुःखही आक्रस्ताळेपणाने मांडलेलं नव्हतं. पार्श्वसंगीतावर रडणारा अँकर आपल्याकडे बघून बघून मला त्याची शिसारी आली आहे, म्हणून हे जरा जास्तच जाणवत असेल.

दुसरी गोष्ट, मागणी एकच होती: पन्नाशी झाली असेल तर तपासणी करून घ्या. (तेव्हा अमेरिकेत पन्नास हे वय होतं, २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने ते ४५ वर आणलं.) ‘जागरूक राहा’, ‘आरोग्य जपा’ असली गोल गोल वाक्यं नाहीत. आणि त्या एका मागणीमागे शास्त्र भक्कम होतं. आतड्यातल्या गाठींचा, ज्यांना पॉलिप म्हणतात, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तपासणीत पॉलिप दिसला तर त्याच नळीतून तो काढून टाकता येतो. म्हणजे तपासणी हाच उपचाराचा भाग. अशा विषयात जागृती केली की जीव वाचतात. प्रत्येक आजारात तसं होत नाही.

परिणाम मोजला गेला, हे या प्रकरणाचं आणखी एक वेगळेपण. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४०० एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मोहिमेआधी एक डॉक्टर महिन्याला सरासरी १५ कोलोनोस्कोपी करत होता, मोहिमेनंतर १८ च्या थोडं वर. ही वाढ पुढचे नऊ महिने टिकली. तपासणीला येणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून ४७ वर गेलं. वैद्यकीय जगात याला ‘केटी कुरिक परिणाम’ असंच नाव पडलं.

या आकड्यांवर भाळून जाऊ नका, म्हणून दोन खोचक गोष्टीही सांगते. एक, विशेषतः बायका जास्त आल्या, याचा अर्थ लोक आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचं ऐकतात. तुमचा प्रेक्षक कोण, हे ठाऊक नसेल तर तुमचं आवाहन भलत्याच ठिकाणी जाईल. दोन, ज्या तपासणीचा तिने प्रचार केला ती मोनाहन यांना मिळालीच नसती, कारण ते पन्नाशीच्या आठ वर्षं अलीकडे होते. स्वतः कुरिकही तेव्हा ४३ ची होती. म्हणजे तिची व्यक्तिगत कहाणी आणि तिचा सार्वजनिक सल्ला हे तंतोतंत एकमेकांवर बसत नव्हते. तिने कहाणीपुढे सल्ला वाकवला नाही, चाळिशीतल्या सगळ्यांनी धावा असं सांगितलं नाही. तज्ज्ञांचं जे मत होतं तेच सांगितलं. घरात मृत्यू पाहिलेल्या माणसाला हा संयम किती कठीण जातो हे तुम्हाला कळेल.

२००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जे मोनाहन सेंटर सुरू झालं, पचनसंस्थेच्या कर्करोगांसाठी. तेही न्यूयॉर्क प्रेस्बिटेरियन आणि वाइल कॉर्नेल या चालू वैद्यकीय संस्थेचा भाग म्हणून. पुन्हा तेच: नाव पतीचं, यंत्रणा रुग्णालयाची.

मग २००८. ‘स्टँड अप टू कॅन्सर’ ही मोहीम सुरू करणाऱ्या बायकांत कुरिक होती, चित्रपट निर्मात्या लॉरा झिस्किन आणि शेरी लॅन्सिंगही होत्या. ५ सप्टेंबर २००८ रोजी एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी एकाच वेळी, जाहिराती न घेता, एक तासाचा कार्यक्रम दाखवला. दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेची वचनं मिळाली. आपल्याकडे तीन वाहिन्या एकच फीड एकाच वेळी चालवताहेत, ही कल्पना करून बघा; कोपऱ्यातला लोगो कुणाचा यावरूनच बैठक मोडेल. हा पैसा कुठे गेला, तर त्याच एंटरटेन्मेंट इंडस्ट्री फाउंडेशनमार्फत आणि अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च या वैज्ञानिक संस्थेच्या देखरेखीखाली संशोधकांच्या गटांना. कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख नोबेलविजेते फिलिप शार्प. अँकरने ठरवलं नाही.

आता एक तारीख जुळवून बघा. कुरिक तेव्हा सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांची अँकर होती. २००६ मध्ये त्या खुर्चीत एकटीने बसणारी पहिली स्त्री. निधीसंकलनाचा कार्यक्रम ५ सप्टेंबरला झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिने रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची ती गाजलेली मुलाखत घेतली. तुम्ही कुठली वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचता, एवढा साधा प्रश्न. पेलिनना एक नाव सांगता आलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धर्मादाय कामाचा चेहरा आणि शेवटच्या आठवड्यात देशातली सगळ्यात बोचरी राजकीय मुलाखत, हे दोन्ही एकाच बाईला जमलं, कारण पहिल्या कामासाठी तिला कुठल्याही पक्षाचं, मंत्र्याचं देणं लागत नव्हतं. तुमचे ज्येष्ठ ‘भानगड’ म्हणतात ती इथे असते. तुमच्या ट्रस्टला ज्या आमदाराने ॲम्ब्युलन्स दिली, तो उद्या तुमच्या डिबेटमध्ये चौथ्या खिडकीत बसलेला असणार आहे.

आणि हीच बाई पुढे याच रेषेवर दोनदा घसरली, तेही वाचून ठेवा. २०१६ मध्ये तिची निर्मिती असलेल्या बंदूक-नियंत्रणावरच्या माहितीपटात तिने बंदूकधारकांच्या एका संघटनेला बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीच्या तपासणीबद्दल प्रश्न विचारला. पडद्यावर दिसतं की प्रश्न आला आणि सगळे काही सेकंद गप्प, नजर खाली. मूळ ध्वनिमुद्रण बाहेर आलं तेव्हा कळलं की त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. ती शांतता दुसरीकडची आणून एडिटमध्ये चिकटवलेली. तिने जबाबदारी घेतली. खटला झाला, तो न्यायालयाने फेटाळला, पण एडिट टेबलावर बसलेल्या कुठल्याही माणसाला त्या जोडाचा अर्थ कळतो. त्याच वर्षी तिने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची मुलाखत घेतली. राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघे टेकणाऱ्या खेळाडूंबद्दल गिन्सबर्ग जे बोलल्या त्यातला सगळ्यात कडक भाग तिने वगळला, त्यांना जपण्यासाठी. हे तिने स्वतःच २०२१ च्या आत्मकथनात लिहिलं आणि टीका ओढवून घेतली.

या दोन्हींत धर्मादाय काम नव्हतं, हे खरं. पण ‘आपली बाजू चांगली आहे’ ही भावना होती, आणि समाजकार्याने नेमकी तीच भावना बळावते. कर्करोगाच्या बाबतीत तिचं निभावलं कारण कर्करोगाला विरोधी पक्ष नाही. तरी रुग्णालयं आहेत, औषध कंपन्या आहेत, विमा कंपन्या आहेत. उद्या तुमच्या ट्रस्टला मदत करणाऱ्या रुग्णालयाने मृतदेह बिलासाठी अडवून ठेवला, ती बातमी तुमच्या नऊच्या बुलेटिनमध्ये आली, तर तुम्ही ती कुठल्या स्वरात वाचाल? वाचाल नक्कीच. पण बघणाऱ्याला शंका येणार, आणि शंका आली की तुमच्याकडे जे एकमेव भांडवल आहे त्यातून वजावट सुरू.

आता आपल्याकडे या.

कुरिकचा सेगमेंट उचलून इथे लावू नका. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने बरंच कमी आहे आणि सरसकट कोलोनोस्कोपी करण्याचा सरकारी कार्यक्रम नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कर्करोगांची तपासणी येते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, तिशीच्या पुढे. तिन्हींत दाखवण्यासारखं आणि प्रेक्षकाने करण्यासारखं भरपूर आहे. मुंबईतल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. तपासणी कशाची, तर सौम्य ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याची. कापसाच्या बोळ्याने ते गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. डॉक्टर नसलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या हे करत होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांनी या कामाची दखल घेतली. आपल्या किती प्रेक्षक बायकांना हे माहीत आहे? इथे कॅमेरा आत न्यायची गरजच नाही. टेबल, दिवा, बोळा, ते आम्ल, कार्यकर्तीचे हात, आणि तपासणी करून बाहेर आलेली, बोलायला तयार असलेली एक बाई. तीन मिनिटांचं पॅकेज. शेवटी एकच ओळ: तिशी झाली असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ही तपासणी मागा.

तोंडाचा कर्करोग तर आरशात दिसतो. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्ण न उघडणारं तोंड. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो कसा मिळतो हे आपण टपरीवर छुप्या कॅमेऱ्याने वर्षाआड दाखवतोच. त्याच बातमीला हा एक मिनिट जोडायला काय हरकत आहे? स्वतः भोगलेल्या माणसाचं लोक ऐकतात हेही आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. शरद पवार आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि तंबाखूबद्दल जाहीरपणे बोलतात तेव्हा त्यांच्या विरोधकांनाही ते पटतं.

मदतीच्या आवाहनांबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्या मनातल्या ट्रस्टचं काम बहुधा तेच असणार. एका वाहिनीत आम्ही एका लहान मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी आवाहन चालवलं. खाली टिकरवर खाते क्रमांक, वर मुलाचा फोटो, अँकरने मनापासून दोन वाक्यं बोलली. तासाभरात असाइनमेंट डेस्कचे फोन खणखणायला लागले, पैसे जमले, मूल वाचलं. इथपर्यंत छान. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनच्या सोफ्यावर, जिन्यात, गेटबाहेर माणसं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रुग्णालयाचं एस्टिमेट. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेला एक बाप मला म्हणाला, ताई, त्याचं दाखवलंत ना, मग आमचं पण दाखवा. कोणाचं दाखवायचं? ज्याच्या मुलाचा चेहरा कॅमेऱ्यात गोंडस दिसतो त्याचं? सुरक्षारक्षकाने त्यांना बाहेर काढलं आणि नऊच्या बुलेटिनची तयारी सुरू झाली. ट्रस्ट काढलात तर हा सोफा तुमच्या घरी येईल, आणि निवड करायला तुमच्याकडे ना डॉक्टरांची समिती असेल ना वैद्यकीय समाजसेवक.

त्यापेक्षा त्या बापाला जे हवं होतं त्यातलं बरंचसं कायद्याने आधीच ठेवलेलं आहे. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. यात मोठी, चकचकीत, नाव घेतलं की छाती दडपावी अशी रुग्णालयंही येतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करायला आरोग्यमित्र बसलेला असतो. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठली कागदपत्रं न्यायची, नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार कशी करायची, एवढं आठवड्यातून एकदा नीट सांगणारा सेगमेंट तुमच्या चेहऱ्याने सुरू झाला, तर एका आवाहनात एका मुलाला जेवढं मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त घरांना मिळेल. शिवाय ही शुद्ध पत्रकारिता आहे. संपादकही नाही म्हणू शकणार नाहीत, आणि रुग्णालयांच्या जाहिरात विभागाचा फोन आला तर आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलं असं समजा.

पैसे गोळा करायचेच असतील तर मराठीत चांगला नमुना आहे. ‘लोकसत्ता’ दरवर्षी गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमातून काही संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश देतात ते त्या संस्थांच्या नावाने. वृत्तपत्र जागा देतं, बातमीदार जाऊन पाहून येतो, पैसा परस्पर संस्थेकडे. टीव्हीवर असं नियमितपणे कुणी का करत नाही, याचं मला नवल वाटतं.

आता तुमच्या ज्येष्ठांनीही सांगितली नसेल अशी एक अडचण. ट्रस्टचा विचार करताना तुमच्या डोक्यात परदेशातली मराठी मंडळी असणार. न्यू जर्सी, लंडनहून लोक आपली बुलेटिनं यूट्यूबवर बघतात, मेसेज करतात, मदत पाठवू का विचारतात. परदेशी निधीच्या २०१० च्या कायद्यात, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, कलम ३ मध्ये कोणी असा निधी घेऊ नये याची यादी आहे. निवडणुकीचे उमेदवार, न्यायाधीश, सरकारी नोकर यांच्या बरोबरीने त्यात वृत्तपत्रांचे आणि दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या कंपन्यांचे वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक आहेत. त्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी निधी धरत नाहीत. पण ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं त्यांचा धरतात, मग ते मूळचे सदाशिव पेठेतले का असेनात. तुमच्या खात्यावर कुणा हितचिंतकाने प्रेमाने पाठवलेले पाचशे डॉलर तुम्हाला चौकशीच्या नोटिशीपर्यंत नेऊ शकतात. या मुद्द्यावर सनदी लेखापालाशी बोलल्याशिवाय क्यूआर कोड कुठेही लावू नका.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दलही, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीबद्दलही, तेच. तुम्ही पत्र न पाठवताही मार्केटिंगचे लोक ‘मॅडमच्या ट्रस्टला काहीतरी करून टाकू’ म्हणत येतील, आणि तीच कंपनी तुमच्या प्राइम टाइमची प्रायोजक असेल.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी तुमच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाचं कलम काय म्हणतं ते वाचा. बहुतेक वाहिन्यांत लेखी परवानगी लागते आणि बहुतेक अँकरनी ते पान उलटलेलंही नसतं. मग एखादी चालू, दहा-पंधरा वर्षं काम केलेली संस्था निवडा, तिचे ताळेबंद मागून बघा, तिथे महिन्यातला एखादा वीकऑफ द्या. कॅमेरा न नेता. रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रं भरून देणं, फोन लावून देणं, एवढंच करा. तिथे काय अडतं हे कळलं की स्टोऱ्यांना तोटा नाही. त्या संस्थेशी तुमचा संबंध आहे हे संपादकांना लिहून द्या आणि तिच्यावरची बातमी आली तर ती दुसऱ्या अँकरला वाचू द्या. विश्वस्त व्हायला बोलावलं तर सहीचा अधिकार घेऊ नका.

आणि घरातल्या अनुभवाबद्दल पडद्यावर बोलायचं असेल तर बोला, पण घाई नको. कुरिकला २०२२ च्या जूनमध्ये स्वतःलाच स्तनाचा कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. तिने ते सप्टेंबरअखेर जाहीर केलं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्यावर. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करून घ्यायला आपल्याला सहा महिने उशीर झाला होता हे लिहिलं, स्तनाची ऊती दाट असलेल्या बायकांनी सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावं हे लिहिलं. बावीस वर्षांनीही मांडणी तीच होती: स्वतःचं थोडक्यात, करायचं काय ते स्पष्ट. तुमचा पहिला सेगमेंट लिहाल तेव्हा स्क्रिप्टमध्ये या दोन भागांना किती ओळी मिळाल्यात ते मोजा, आणि पहिला भाग जास्त भरला तर तो कापायला डेस्कवरच्या सगळ्यात कोरड्या माणसाकडे द्या.